पत्र्याच्या शेडखालची अमेरिकन गाडी

गाडी विकायला काढली तेव्हा माझ्याकडे सात आठवडे होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तीन तिकिटं काढून झाली होती. मुलीची दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागला की पुण्यात अकरावीला प्रवेश घ्यायचा होता, आणि इतक्या वर्षांनी आम्ही तिघंही आखातातून कायमचे परत चाललो होतो. कामांची यादी छत्तीस कलमांची होती. शाळेचा दाखला आणि त्यावरचे शिक्के, बँकेतलं खातं, वॉशिंग मशीन, सोफा, टेलिफोनचं डिपॉझिट, मुलीच्या पुस्तकांची पार्सलं. एप्रिलच्या अखेरीस त्यातल्या निम्म्यांवर बरोबरची खूण झाली होती. मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कुठला कागद कुणाकडे गेला, कधी परत आला, हे बघण्याचाच मला पगार मिळत असे, त्यामुळे असल्या कामांचं मला ओझं वाटत नव्हतं.

अडलं ते मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली.

आम्ही मुसफ्फा ह्या कारखान्यांच्या वस्तीच्या बाहेरच्या अंगाला एका जुन्या व्हिलाच्या मागच्या भागात राहत होतो. अंगण होतं म्हणून सात वर्षांपूर्वी ह्यांनी ती गाडी घेतली. अमेरिकन, दोन दारांची, एवढं लांब बॉनेट की पुढचं टोक शेडच्या बाहेर उन्हात यायचं. आठ सिलिंडरचं इंजिन. मुलगी म्हणायची, ‘आई, इट्स अ मसल कार,’ आणि मी म्हणायचे, असेल, पण हिचे स्नायू हलताना मी अजून पाहिले नाहीत. ह्यांच्या कंपनीतला एक अमेरिकन इंजिनीअर देश सोडून जाताना ती जवळजवळ फुकट देऊन गेला. वर्षभरात चालू करतो, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. हे त्याच कंपनीत दुरुस्ती विभागाचे सुपरवायझर. क्रेन, जनरेटर, डंपर, सगळं ह्यांच्या हाताखालून जायचं, तेव्हा एक गाडी काय मोठी, असं मलाही वाटलं होतं. सात वर्षांत कार्बोरेटर निघाला, सीट निघाल्या, एक दार निघालं. परत बसली फक्त चालकाची सीट आणि दार, आणि दारही नीट लागत नव्हतं. गाडी चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर होती. शुक्रवारी सकाळी हे तिच्यात जाऊन बसत. पाना हातात असे, पण पान्याचा आवाज मला फारसा कधी ऐकू आला नाही.

गाडी ह्यांच्या नावावर होती. आपला व्हिसा रद्द करून निघायचं तर ती दुसऱ्याच्या नावावर करून द्यायला हवी, नाहीतर मागे कुणीतरी थांबून ते निस्तरायला हवं. आणि मागे थांबणारं माणूस म्हणजे हेच. ते मला नको होतं. लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी चिंचवडला सासू-सासऱ्यांबरोबर काढली आणि ह्यांनी इथे एका खोलीत सहा जणांबरोबर. वर्षातून एक महिना भेट. पुढे फॅमिली व्हिसा झाला तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की हे पुन्हा करायचं नाही. ‘थोडे दिवस थांबतो’ म्हणणारी माणसं मी पाहिली होती. आमच्या बाजूच्या खोल्यांत राहणारा रत्नागिरीकडचा एक सुतार दर वर्षी सांगायचा, घराचा स्लॅब पडला की चाललो. स्लॅब पडला, वरचा मजला झाला, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, माणूस तिथेच.

तेव्हा यादीत मी लिहिलं: गाडी विकणे, नावावर करून देणे, मे अखेर.

वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात दिली. जुनी अमेरिकन गाडी, पूर्ण दुरुस्ती आवश्यक, खऱ्या गिऱ्हाइकांनीच फोन करावा. आणि मी एक काम जास्तीचं केलं, जे करायला नको होतं. गाडीतल्या सगळ्या दोषांची यादी टाइप केली. एका शुक्रवारी ह्यांना शेडखाली उभं केलं आणि पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत एकेक लिहून घेतलं. त्रेचाळीस दोष निघाले. पुढचा डावा पत्रा सडलेला. पेट्रोलची टाकी गळकी. मागची काच तडकलेली. डॅशबोर्डमधला कप्पा उघडत नाही. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. दोन पानं झाली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची, म्हणजे नंतर कुणी येऊन बोलायला नको, असा माझा विचार.

हे ती पानं वाचून म्हणाले, ‘मुलगी दाखवायला काढलीस आणि पत्रिकेला एक्स-रे जोडलेस.’

‘लपवून विकायची का मग?’

‘लपवू नको. पण त्यांनी विचारू तरी दे.’

मुलगी सोफ्यावर लोळत होती. ‘आई, नोबडी गिव्ह्ज द बॅड स्टफ इन रायटिंग.’

‘आपण देतो,’ मी म्हणाले.

पहिला आला तो रास अल खोरला भंगाराचं गोदाम असलेला पठाण. एवढ्या लांबून आला म्हणून मी चहा केला. त्याने यादी हातात घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. ‘बीबी, सिर्फ़ इंजन का दाम है. बाक़ी कबाड़,’ म्हणाला. इंजिन काढून नेतो, सांगाडा कापून टाकतो. मी आकडा विचारला. पंधराशे दिरहम, म्हणजे आपले सोळा-साडेसोळा हजार रुपये. मी हो म्हणणार इतक्यात हे म्हणाले, ‘काटने के लिए नहीं देना है.’

पठाणाने माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ‘अहो, भंगारच आहे ते.’

‘भंगार नाही,’ हे म्हणाले आणि आत गेले.

दुसरा मुसफ्फातलाच, स्वतःचं गॅरेज असलेला मल्याळी गृहस्थ. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यातलं एक काढून त्याने माझी यादी वाचायला घेतली आणि प्रत्येक कलमापुढे समासात काहीतरी लिहीत गेला. दुसऱ्या पानाच्या तळाशी पोहोचला तेव्हा त्याच्या हिशेबाने मीच त्याला काही पैसे देऊन गाडी द्यायला हवी होती.

‘हे कसं?’ मी विचारलं.

‘मॅडम, मैंने कुछ नहीं बोला. आपने ख़ुद लिखा है.’

तो गेल्यावर हे हसले नाहीत, एवढे उपकार. मी उरलेल्या प्रती कपाटात ठेवून दिल्या. अर्थात पुढच्या गिऱ्हाइकाला मला राहवलं नाही आणि मी तोंडी सगळं सांगितलं.

तो एक इंग्रज होता. त्याला फक्त दोन्ही दारं आणि समोरची जाळी हवी होती. हे नाही म्हणाले. मग दोन तरुण लोकल अरब मुलगे आले, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, त्यांना तिच्यात जपानी इंजिन बसवून वाळवंटात फिरवायची होती. ‘यल्ला, खलास, आज ही ले जाएँगे,’ म्हणाले. नोटा त्यांच्या हातात होत्या. ह्यांनी त्यांना विचारलं, आधी कुठली गाडी होती, तिचं काय झालं. ती उलटली, असं त्यांनी हसत सांगितलं. हे नाही म्हणाले.

‘तुम्ही गाडी विकताय की मुलीसाठी स्थळ बघताय?’ मी विचारलं.

‘सात वर्षं सांभाळली आहे.’

‘सांभाळली म्हणजे काय केलंत? तिच्यात बसलात.’

हे आत गेले. हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, चहा कर. मी म्हणाले, तुम्हीच करा, मला दाखल्याच्या शिक्क्यासाठी जायचंय. आणि खरंच गेले. रांगेत दीड तास उभी होते आणि तेवढा वेळ माझ्या डोक्यात फक्त तो पांढरा कंदुरा आणि त्या नोटा.

मे महिन्याच्या मध्याला मी वहीत एक तक्ता केला. कोण आलं, कुठल्या वारी, का गेलं. नऊ नावं झाली होती. शेवटच्या रकान्यात मल्याळी गृहस्थाचा अपवाद सोडला तर खालून वर एकच कारण होतं: ह्यांनी नाही म्हटलं. हे मला तक्ता करायच्या आधी कळायला हवं होतं. पण मला वाटलं, जीव जडलाय, दुसरं काय. पुरुषांचं असं असतं एखाद्या यंत्राबाबत. म्हणून मी ठरवलं की ह्यांना पसंत पडेल असंच गिऱ्हाईक शोधायचं. जाहिरातीत एक ओळ वाढवली: गाडी पूर्ववत करणाऱ्यालाच देणे आहे.

त्या ओळीवर एक वयस्कर लोकल गृहस्थ आले. फौजेतून निवृत्त झालेले, दाढी पांढरी, हातात काठी, हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार. तरुणपणी त्यांच्याकडे अगदी हीच गाडी होती, रंग तेवढा वेगळा. तेव्हा रस्ते कमी होते, म्हणाले, पण जे होते ते सगळे सरळ होते. मी कपाटातून यादी काढली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली, मग गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘दो चीज़ें रह गई हैं, मैडम. लिखिए.’ मी चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस लिहून घेतलं.

हे त्यांच्याबरोबर तीन तास शेडखाली होते. मी खिडकीतून बघत होते. हे हात हलवून बोलत होते, बॉनेट उघडून काहीतरी दाखवत होते, मधेच दोघंही मिळून आत डोकावत होते. मला आठवत नाही, ह्यांना इतकं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं. किंमत ठरायला दोन मिनिटं लागली. शनिवारी सकाळी वाहतूक खात्यात भेटायचं, मूळ मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड, आणि मालक स्वतः, एवढं पुरे. ‘इन्शाल्ला,’ ते गृहस्थ म्हणाले. हेही म्हणाले. त्या संध्याकाळी मी वहीत खूण केली नाही, पण पेन्सिलीने एक टिंब दिलं.

मंगळवारी हे म्हणाले, मुल्किया सापडत नाही.

मला आधी हसू आलं. माझ्या घरात कागद सापडत नाही असं होत नाही. पासपोर्टची फाइल, शाळेची फाइल, विजेची फाइल, गाड्यांची फाइल. गाड्यांच्या फाइलमध्ये आमच्या चालू गाडीचे कागद होते, जुन्या गाडीचा विक्रीचा कागद होता, विम्याच्या जुन्या पावत्या होत्या. मुल्किया ज्या प्लास्टिकच्या कप्प्यात असायचं तो कप्पा रिकामा होता. मी तीन दिवस शोधलं. पार्सलं बांधलेली पुस्तकं परत उघडली. कार्यालयातून रजा घेतली. मुलगी म्हणाली, ‘आई, यू आर स्केअरिंग मी.’ हे तेवढ्यापुरते दोन खण उघडून बघत आणि बंद करत.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, ‘पोलिसांत रिपोर्ट द्यावा लागेल. मग नवीन कार्ड. महिना तरी जाईल.’

‘आपण बारा दिवसांनी निघतोय.’

‘तेच म्हणतोय. तुम्ही दोघी पुढे व्हा. तिचा प्रवेश थांबायला नको. मी हे निस्तरतो आणि येतो. पंधरा-वीस दिवसांचं काम.’

हे अगदी सहज म्हणाले. भात वाढून घेत म्हणाले. मला इतका राग आला की मी उठून ताटं उचलली. राग ह्यांच्यावर नव्हता, माझ्यावर होता, की एक कार्ड मी हरवू दिलं. मला खरोखर तसंच वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मी त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की उद्याचं जमणार नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, मी गाडी उचलून नेणाऱ्या माणसाला घेऊन येतच आहे, तो जागा तरी बघून घेईल. अकराच्या सुमारास आले. उचलगाडीचा ड्रायव्हर गेटची रुंदी मोजत होता. गृहस्थ हळूहळू वाकून गाडीत बसले, ह्यांनी एकच सीट परत बसवली होती, डावीकडची, चालकाची. स्टिअरिंगवर हात ठेवून ते थोडा वेळ बसले. मी दाराशी उभी होते. हे बॉनेटपाशी.

‘मैडम ने लिखा है, यह नहीं खुलता,’ ते डॅशबोर्डकडे बोट करून म्हणाले. ‘सब का यही था. नीचे से अँगूठा देना पड़ता है.’

हे म्हणाले, ‘रहने दीजिए, टूटा हुआ है.’

तोवर त्यांनी आडवं होऊन हात पोहोचवला होता. कप्पा टक असा आवाज करून खाली पडला. आत एक पाना, एक फडकं, आणि एक पाकीट. पाकिटावर मुल्किया रबरबँडने लावलेलं होतं.

पाकीट मी ओळखलं. त्यावरचा पत्ता मी टाइप केला होता. आत ह्यांचा राजीनामा होता. पहिल्या मेला कंपनीत दिला, नोटीस सुरू झाली, असं ह्यांनी मला सांगितलं होतं आणि मी यादीत खूण केली होती. मी कागद उघडला. सही होती. तारीख नव्हती, कंपनीचा पोहोचल्याचा शिक्का नव्हता.

त्या गृहस्थांनी रबरबँड काढून मुल्किया आपल्याकडे घेतलं आणि बाकीचं मला दिलं होतं. ‘यह मिल गया, अल्हम्दुलिल्लाह. वह घर का काग़ज़ है,’ म्हणाले, आणि काठी टेकत मागची चाकं बघायला गेले. ती चाकं त्यांनी आधी दोनदा पाहिली होती.

ते गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात आलो. मुलगी मैत्रिणीकडे होती. मी कुकर लावला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

‘दिला नाहीत,’ मी म्हणाले.

‘नाही.’

‘कधी देणार होता?’

‘बघू म्हटलं. गाडी गेली की.’

‘आणि गाडी का जात नव्हती?’

हे खुर्चीवर बसले. बराच वेळ टेबलावरची मिठाची बाटली सरळ करत राहिले. मग म्हणाले, ‘तिथे मी काय करू, ते सांग.’

‘ठरलं होतं ना आपलं? छोटं वर्कशॉप. भोसरीला.’

‘तुझं ठरलं होतं. मी कधी म्हटलं? इथे सव्वापाचला कंपनीची बस येते. उजवीकडची तिसरी सीट माझी आहे, कोणी बसत नाही. मी गेलो की चाळीस माणसं कामाला लागतात. तिथे सकाळी उठून मी कुठे जाऊ? लोक विचारणार, मग, आता काय चाललंय.’

‘हे मला सांगायचं.’

‘तू यादी केली होतीस,’ हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘छत्तीस कामं. त्यातलं एक तरी मला विचारून लिहिलंस? मला फक्त सह्या करायच्या होत्या.’

मला बोलायला पुष्कळ होतं. चार वर्षं चिंचवडला काढली ती कोणाला विचारून. मुलीच्या शिक्षणाचा खर्च इथे झेपणार नाही हे कोण म्हणालं होतं. विचारलं असतं तर सरळ उत्तर मिळालं असतं का, की ‘बघू’ एवढंच. पण वही समोर ओट्यावर होती, आणि मी मनातल्या मनात ती छत्तीसच्या छत्तीस कलमं वरून खाली पाहिली. ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला. एवढा राग आणि त्याला ठेवायला जागा नाही, असं मला पुन्हा कधी झालं नाही.

शेवटी मी विचारलं, ‘उद्या खात्यात जाणार की नाही?’

‘जाणार. शब्द दिलाय त्यांना.’

शनिवारी गाडी नावावर झाली. चाळीस मिनिटांचं काम. दुपारी उचलगाडी आली, ठोकळ्यांवरून गाडी खाली घेताना हे स्वतः खाली झोपून साखळी लावत होते, कपडे खराब झाले, त्याचं काही नाही. गृहस्थांनी ह्यांचा हात बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, शुक्रवारी मोकळे असलात तर या, मला हे सगळं एकट्याला जमायचं नाही. हे हो म्हणाले. आमचं विमान दहा दिवसांवर आहे हे त्या गृहस्थांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं आणि ह्यांनी हो म्हटलं, आणि ती गोष्ट तिथेच, माझ्यासमोर, न बोलता ठरली.

संध्याकाळी आम्ही दोघं तिकिटांच्या दुकानात गेलो. काउंटरवर गोव्याची एक बाई होती, मराठी समजणारी. मी तिन्ही तिकिटं पुढे ठेवली आणि म्हणाले, ह्यातलं एक बदलायचं आहे.

‘नवीन तारीख काय घालू?’

मी म्हणाले, ‘ह्यांना विचारा.’

ती बाई ह्यांच्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. मला वाटलं, आत्ता तरी हे एक तारीख म्हणतील. जुलै म्हणाले असते, ऑक्टोबर म्हणाले असते, दिवाळी म्हणाले असते तरी मी घेतलं असतं. खिशात पेन होतं, वहीही होती.

‘ओपन ठेवता येतं का?’ ह्यांनी विचारलं.

‘एक वर्षापर्यंत,’ ती म्हणाली.

‘ओपन ठेवा.’

हे चार वर्षांनी आले. त्या तिकिटाची मुदत कधीच संपली होती, नवीन काढावं लागलं.